दवाखान्याचे बिल फुगते कुठे?

कुही-मांढळ भागात मिरचीचे सातरे सुरू झाले की आमच्या माताभगिनी सकाळपासून मिरचीच्या ढिगापाशी बसून देठ खुडत असतात. बोटे जळतात, डोळे चुरचुरतात, खोकला पाठ सोडत नाही. हातापेक्षा तोंड जास्त चालते असे पुरुष मंडळी थट्टेने म्हणतात. पण त्या बोलण्यात काय असते ते कोणी बसून ऐकले आहे काय? कोणाचा नातू भरती आहे, कोणाच्या घरधन्याला नागपूरला ‘मेडिकल’ला नेले आहे, कोणाच्या सुनेचे सिझेरियन खासगीत झाले आणि त्यासाठी बचत गटाचे कर्ज उचलले. “इतला पैसा जाते तरी कुठी जी?” असा प्रश्न त्यातल्याच एका बाईने आम्हाला विचारला. आजचा लेख त्या प्रश्नासाठी.

या प्रश्नाची तीन उत्तरे वस्तीत तयारच असतात. पहिले, डॉक्टर लुटारू झाले. दुसरे, महागाई वाढली. तिसरे, नशीब. यातले तिसरे उत्तर आपण १९५६ सालीच नागपुरात टाकून दिले आहे, तेव्हा त्याच्यावर वेळ घालवायला नको. दुसरे उत्तर अपुरे आहे, कारण महागाई तेलामिठालाही आहे. पण तेलामिठाने कोणाची शेती गहाण पडल्याचे आम्ही ऐकले नाही. पहिल्या उत्तरात थोडे तथ्य आहे. मात्र तेवढ्यावर थांबलो तर खरा हिशेब हाती लागत नाही.

समजा, कुहीतील एका कमावत्या माणसाला ताप आला. पहिल्या दिवशी तो अंगावर काढतो. दुसऱ्या दिवशी जवळच्या डॉक्टरकडे सुई आणि गोळ्या. तिसऱ्या दिवशी अशक्तपणा वाटतो म्हणून सलाईन. या सलाईनबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. अर्धा लिटरच्या साध्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी निर्जंतुक पाणी. ओकाऱ्या-हगवण होऊन अंगातले पाणी गेले असेल, रोगी शुद्धीवर नसेल, रक्तदाब उतरला असेल तर हीच बाटली जीव वाचवते. पण जो माणूस खाटेवर बसून चहा पिऊ शकतो त्याला तिच्यातून ताकद मिळत नाही. तरीही आपलेच लोक “सलाईन लावा” असा आग्रह धरतात, आणि लावली नाही तर डॉक्टर बदलतात. असो. चौथ्या दिवशी रक्त तपासतात, प्लेटलेट कमी निघतात आणि हुकूम सुटतो, “नागपूरला न्या.”

नागपूर कुहीपासून चाळीसेक किलोमीटर. पूर्वी नागपूर-नागभीड छोटी रेल्वे होती. हळू चालायची, पण गरिबाला परवडायची. ती नॅरोगेज गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली. आता एसटी, नाहीतर भाड्याची गाडी. रोग्याला रात्री न्यायचे तर गाडीवाला मागेल ते द्यावे लागते. १०८ क्रमांकाची सरकारी रुग्णवाहिका फुकट येते, हे माहीत असूनही घाबरलेल्या घरात तो फोन फिरवायचे कोणाला सुचत नाही. म्हणजे डॉक्टरने हात लावण्याआधीच खिसा अर्धा मोकळा होतो. बरोबर आलेल्या दोन माणसांची मजुरी बुडते, त्यांचे जेवण, मागे राहिलेल्या पोरांची सोय. हा खर्च कोणत्याही बिलावर छापलेला नसतो; म्हणून सरकारच्या आकड्यांतही तो धड येत नाही.

आता मोठ्या दवाखान्याचे बिल. पाच दिवसांनी सुटी होते तेव्हा हातात दोन-तीन पानांचा कागद येतो. आपण शेवटचा आकडा पाहतो आणि डोक्याला हात लावतो. त्यापेक्षा वरून खाली वाचावे. खाटेचे भाडे, डॉक्टरांची भेट, नर्सिंग हे तर असतेच. पण औषधे, तपासण्या आणि ज्याला ते ‘कन्झ्युमेबल्स’ म्हणतात ते सामान, म्हणजे हातमोजे, सिरिंज, नळ्या, सुया, पट्ट्या, या तिन्हींची बेरीज करून पाहावी. केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ च्या फेब्रुवारीत दिल्ली परिसरातील चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिले तपासली होती. या तीन बाबीच एकूण बिलाच्या जवळजवळ निम्म्या निघाल्या. आणि नफा? काही सामानावर तो १,७३७ टक्क्यांपर्यंत होता. शंभर रुपयांच्या वस्तूवर सतराशे रुपये नफा! मिरचीच्या बाजारात कोणी असा भाव लावला तर त्याला लोक बाजारातून उठवतील.

हे घडते कसे ते नीट समजून घेतले पाहिजे. वेष्टणावर जी किंमत छापलेली असते ती रोग्यासाठी. दवाखाना ती वस्तू त्या किमतीला विकत घेत नाही. मोठा दवाखाना घाऊक घेतो आणि कंपनीला सांगतो, छापील किंमत जास्त ठेव, मला स्वस्तात दे. ज्या कंपनीची छापील किंमत जास्त तिचा माल जास्त उचलला जातो, कारण मधला फरक दवाखान्याचा. एरवी बाजारात स्वस्त माल खपतो; इथे महाग खपतो. कारण विकत घेणारा एक आणि पैसे देणारा दुसरा. पैसे देणारा खाटेवर पडलेला असतो आणि त्याची बायको बाहेर बाकावर रडत बसलेली असते. ती घासाघीस कुठून करणार?

हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. २०१७ च्या फेब्रुवारीपूर्वी औषध लावलेल्या स्टेंटची छापील किंमत सरासरी १ लाख २१ हजार रुपये होती. सरकारने त्यावर मर्यादा आणली ती २९,६०० रुपयांची; साध्या स्टेंटला ७,२६० रुपये. एका रात्रीत किंमत चौथ्या हिश्श्यावर आली आणि तरीही स्टेंट मिळतच राहिले. म्हणजे वरचे नव्वद हजार कशाचे होते? धातूचे नव्हते, कारागिरीचेही नव्हते.

औषधांची कथा जुनी आहे आणि तिचा एक मोठा अध्याय आपल्याच महाराष्ट्रात घडला. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना सुरू झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. पेनिसिलिन, ज्याच्यासाठी तोवर परदेशाकडे तोंड वेंगाडावे लागे, ते पिंपरीत बनू लागले. पुढे १९७० साली पेटंटचा नवा कायदा झाला. औषधाच्या पदार्थावर कोणाची मालकी नाही, मालकी फक्त बनवण्याच्या पद्धतीवर, असे त्याने ठरवले. तेच औषध दुसऱ्या पद्धतीने बनवायला आपले रसायनशास्त्रज्ञ मोकळे झाले. जगातली स्वस्त औषधे भारतात बनू लागली ती या कायद्यामुळे; कोणाच्या दयेमुळे नव्हे. १९७५ साली हाथी समितीने सांगितले की औषधे कंपनीच्या नावाने नव्हे तर मूळ नावाने विकली जावीत. ही सूचना आजही पुरती अंमलात आलेली नाही.

१९७९ साली ३४७ औषधांच्या किमतीवर सरकारचा ताबा होता. १९८७ साली ती संख्या १४२ वर आली, १९९५ साली ७४ वर. पुढे २०१३ च्या आदेशाने यादी पुन्हा मोठी झाली, पण किंमत ठरवण्याची रीतच बदलली. आधी औषध बनवायला किती खर्च आला ते पाहून वर ठरावीक नफा देत. आता बाजारात ज्या कंपन्यांचा हिस्सा एक टक्का किंवा जास्त आहे त्यांच्या किमतींची सरासरी काढतात आणि दुकानदाराचा १६ टक्के नफा वर लावतात. समजा एकाच गोळीच्या तीन कंपन्या आहेत. एक दोन रुपयांना विकते, दुसरी सहाला, तिसरी दहाला. सरासरी सहा. गोळी बनवायला आठ आणे लागत असतील तरी मर्यादा सहा रुपयांवरच बसणार. म्हणजे महाग विकणाऱ्याने बाजार जेवढा वर नेला, तेवढी सरकारी मर्यादाही वर जाते. आणि यादीबाहेरच्या औषधांना दरवर्षी दहा टक्क्यांपर्यंत वाढवायची मोकळीक आहेच.

२००५ साली पेटंटचा कायदा पुन्हा बदलला आणि नव्या औषधावर एकाच कंपनीची मालकी पुन्हा आली. मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावर नेक्साव्हार नावाचे औषध आहे. महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये. २०१२ च्या मार्चमध्ये पेटंट कार्यालयाने सक्तीचा परवाना देऊन नॅटको या हैदराबादच्या कंपनीला तेच औषध बनवू दिले. किंमत झाली महिन्याला ८,८०० रुपये. हा आकडा दोनदा वाचावा. असे परवाने त्यानंतर का निघाले नाहीत, हे आपल्या खासदारांना विचारण्यासारखे आहे.

एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती सांगितली पाहिजे. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे. तेव्हा दुकानदार जुनाच भाव लावत असेल तर बिल मागावे.

आता डॉक्टरांकडे वळू. आमच्या समाजाची किती तरी मुले-मुली डॉक्टर झाली आहेत, कुही-उमरेडच्या खेड्यांतून झाली आहेत, आणि त्यातली पुष्कळ सरकारी दवाखान्यात राबत आहेत. तेव्हा सरसकट सगळ्यांना झोडपणे आम्हाला मान्य नाही. पण ज्या मुलाच्या बापाने खासगी मेडिकल कॉलेजात लाखोंनी पैसे मोजले, तो मुलगा ते पैसे कोणाकडून वसूल करणार? १९८० च्या दशकात महाराष्ट्रात विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडले गेले. शिक्षणसम्राट झाले ते झाले, त्याचे हप्ते मात्र आज रोगी फेडतो आहे. त्यावर दवाखान्याची जागा, इमारत, सोनोग्राफी, सीटी स्कॅनचे यंत्र, सगळे बँकेच्या कर्जावर. यंत्र घेतले की त्याला रोज चारा लागतो. तपासणी लिहून दिली नाही तर हप्ता कसा निघणार? आणि खेड्यातून रोगी पाठवणाऱ्याला ‘कट’ द्यावा लागतो, तोही बिलातच. या कट प्रॅक्टिसविरुद्ध कायदा करायचा म्हणून २०१७ साली सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मसुदा तयार झाला. तो मसुदाच राहिला.

मग प्रश्न येतो, सरकारी दवाखाना असताना माणूस खासगीकडे जातोच का? २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत ग्रामीण भागात भरती झालेल्या रोग्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,२९० रुपये आणि खासगीत २७,३४७ रुपये निघाला होता. सहापट फरक. एवढा फरक असूनही गरीब माणूस महाग दाराकडे वळतो, तो काही शौक म्हणून नव्हे. सरकारी दवाखान्यात गेले तर एक दिवस केसपेपरला, एक तपासणीला, एक रिपोर्टला. तीन दिवसांची मजुरी गेली. आणि शेवटी चिठ्ठी हातात पडते, “हे औषध बाहेरून आणा.” आमच्या घरातील एका वृद्ध नातेवाइकांना सरकारी दवाखान्यात नेले तेव्हा तेथील माणसे चांगली होती, डॉक्टरीणबाईंनी आपुलकीने तपासले, पण पाचपैकी तीन औषधे फाटकाबाहेरच्या दुकानातून आणावी लागली. दवाखाना फुकट आणि औषध विकत. हे फुकट फार महाग पडते.

ही औषधे का नसतात? महाराष्ट्राने २०१७ साली सरकारी दवाखान्यांची औषध खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली. हाफकिन हे नाव मोठे. प्लेगची लस शोधणाऱ्या शास्त्रज्ञाचे ते नाव, परळच्या संस्थेचा इतिहास शंभर वर्षांहून जास्त. पण लस बनवणे वेगळे आणि राज्यभरच्या दवाखान्यांसाठी गोळ्या, सुया वेळेवर विकत घेणे वेगळे. निविदा लांबल्या, पैसे पडून राहिले, दवाखाने कोरडे पडले. शेवटी २०२३ साली कायदा करून खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण काढावे लागले. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या सुमारास नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ रोगी दगावले आणि सारा देश हादरला. आता तामिळनाडूकडे पाहा. तिथे १९९४ साली औषध खरेदीसाठी महामंडळ स्थापन झाले. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामे, कोणत्या गोदामात किती साठा आहे त्याची संगणकावर नोंद, आणि मूळ नावाने मोठ्या प्रमाणावर खरेदी. त्यांना जे तीस वर्षांपूर्वी सुचले ते आपल्याला २०२३ मध्ये सुचले. तामिळनाडू काही परदेशात नाही.

सगळ्याच्या मुळाशी एक आकडा आहे. २०२१-२२ साली केंद्र आणि सर्व राज्ये मिळून सरकारांनी आरोग्यावर देशाच्या उत्पन्नाच्या १.८४ टक्के खर्च केला. २०१७ च्या धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्के करू असे वचन होते. देशात दवादारूवर जे शंभर रुपये खर्च होतात त्यातले ३९ रुपये लोकांनी थेट आपल्या खिशातून दिले. २०१३-१४ साली हाच आकडा ६४ होता, म्हणजे सुधारणा झाली हे मान्य. पण सरासरी ही फसवी असते. ज्याला पगार आहे, विमा आहे, त्याचे ३९ आणि मिरची खुडणाऱ्या बाईचे ३९ सारखे नसतात.

खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न बाबासाहेबांनी फार आधी उचलला होता. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले. त्याला पाठिंबा देताना त्यांनी सांगितले की आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या समाजाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा. पुढे १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात प्रा. बी. पी. अडारकर यांनी कामगारांच्या आजारविम्याचा अहवाल १९४४ साली दिला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आज मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के, आणि त्यावर कामगारासकट त्याच्या कुटुंबाचे औषधपाणी होते. रजेच्या दिवसांचे पैसेही मिळतात. नागपुरात सोमवारीपेठेत या योजनेचे रुग्णालय आहे. ही व्यवस्था कुहीच्या सातऱ्यावरच्या बाईला का नाही? कारण हंगामी कारखान्यांना ती पहिल्यापासून लागू नाही, आणि सातरा तर कारखानाही धरला जात नाही. जिला खोकला सर्वांत जास्त तिचेच नाव कोणत्या रजिस्टरात नाही.

तिच्यासाठी सरकारने दुसरी वाट काढली, ती विमा योजनेची. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर आली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार होत. २०२४ च्या जुलैपासून ही मर्यादा पाच लाख झाली आणि राज्यातील सर्व कुटुंबांना ती लागू झाली. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी ही योजना खरोखर उपयोगाची आहे. आमच्या ओळखीची कित्येक माणसे तिच्यामुळे आज चालती-फिरती आहेत. पण तिची मर्यादाही ओळखावी. ती मुख्यतः भरती झालेल्यासाठी आहे, आणि ठरलेल्या उपचारांच्या यादीतल्या आजारासाठी. साखरेची गोळी, रक्तदाबाची गोळी, दर महिन्याची तपासणी, जिथे गरिबाचा पैसा थेंबाथेंबाने गळतो, तिथे ती क्वचितच पोचते.

सिकलसेलचे उदाहरण घ्या. हा आजार विदर्भात आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासी समाजात मोठ्या प्रमाणावर आहे. शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलवर १९५८ सालीच लॅन्सेट या मासिकात लिहिले होते. रक्ताच्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि पोर हातपाय दुखतात म्हणून रात्रभर तळमळते. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. आता खर्च पाहा. पहिली चाचणी अगदी साधी आणि सरकारी दवाखान्यात फुकट. हायड्रॉक्सियुरिया ही जुनी, स्वस्त गोळी. नियमाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली तर दुखण्याचे झटके कमी होतात. वारंवार रक्त लागणाऱ्या सिकलसेल रोग्याला रक्तपेढीने रक्ताचे पैसे लावायचे नाहीत असा नियम आहे. रोग्याला साध्या एसटीत प्रवासभाडे माफ आहे. २०१६ च्या कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीतही घातले आहे. हे सर्व वेळेवर मिळाले तर खर्च थोडका. पण गोळी महिनाभर आली नाही की पोर झटक्याने मोठ्या दवाखान्यात जाते आणि पाच दिवसांत आईच्या गळ्यातले मणी विकले जातात. स्वस्त उपाय वेळेवर न मिळाल्यानेच महाग उपाय जन्माला येतो.

आणि महाग म्हणजे किती महाग? २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सिकलसेलवर कॅसजेव्ही नावाच्या जनुक उपचाराला मंजुरी मिळाली. रोग्याच्या स्वतःच्या पेशी काढून, दुरुस्त करून परत घालायच्या. विज्ञानाची ही मोठी झेप आहे, तिचे कौतुकच आहे. पण एका रोग्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने अठरा कोटी रुपये. ज्या आजाराचे रोगी आफ्रिकेत आणि आपल्या वस्त्यांत आहेत त्याच्या औषधाची किंमत न्यूयॉर्कच्या हिशेबाने ठरते.

लग्न जमवताना आपण पत्रिका पाहत नाही याचा आपल्याला अभिमान आहे, तो असावाच. पण मुलाचा आणि मुलीचा सिकलसेलचा रिपोर्ट मागायला अजून आपण लाजतो. मुलगी वाहक निघाली तर तिचे लग्न मोडेल अशी भीती आई-बापांना असते आणि ती खोटी नाही. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे विहारात, बैठकीत मोठ्याने बोलले गेले पाहिजे. दोष असलाच तर तो दोन वाहकांच्या जोडीत आहे, एकट्या मुलीत नाही.

आता हातात काय आहे ते सांगतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात, केसपेपरपासून तपासणीपर्यंत सर्व मोफत आहे. कुहीचे ग्रामीण रुग्णालय यात येते. नागपूरचे मेडिकल आणि मेयो मात्र वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहेत, त्यांना हा निर्णय लागू केला गेला नव्हता. म्हणून तिथे जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड न विसरता न्यावे. सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, सिझेरियनसकट, २०११ पासून मोफत आहे, जाण्यायेण्याची गाडीसुद्धा. फुले योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. भरती करतानाच, अनामत भरण्याआधी, त्याला गाठावे. पैसे भरल्यावर परत मिळवणे कठीण जाते. योजनेचा फोन १५५३८८.

धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ साली ही योजना लागू झाली. पाटी नसेल तर सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज देता येतो. खासगी रुग्णालयाने दराचा फलक आणि रोग्यांच्या हक्कांची सनद लावली पाहिजे असे राज्याचे २०२१ चे नियम सांगतात. औषध दवाखान्यातल्याच दुकानातून घेण्याची सक्ती मानू नये. औषध आणि तपासणी कुठे करायची हे निवडण्याचा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या सनदेत आहे. डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, “साहेब, औषधाचे मूळ नाव लिहून द्या,” आणि ते नाव घेऊन जन औषधी दुकानात जावे. काही डॉक्टर रागावतील. पुष्कळसे लिहून देतील.

आणि एक शेवटचे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यात अधिकारी असतात आणि लोकांचे प्रतिनिधीही. कुहीच्या समितीची बैठक कधी झाली, औषधासाठी आलेला पैसा किती आणि गेला कुठे, हायड्रॉक्सियुरिया किती महिने शिल्लक होती, एक्स-रे यंत्र किती दिवस चालू होते, हे माहितीच्या अधिकारात साध्या कागदावर विचारता येते. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते. पिवळे रेशनकार्ड असलेल्या दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही लागत नाही. मांढळ, वेलतूर भागातील तरुणांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी असाच अर्ज करावा. उत्तर तीस दिवसांत यावे लागते. ज्यांना येईल त्यांनी ते आमच्याकडे पाठवावे. नावे न छापता आम्ही ते या पानावर देऊ. पुढील लेखात साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा महिन्याचा हिशेब मांडू.